हात खाली येईपर्यंत

अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या लेखी कुत्र्यांचे दोनच प्रकार होते. एक भुंकणारं आणि एक पळणारं. भुंकणाऱ्या कुत्र्याला घरात आल्या दिवशीच तोंडाला येईल ते नाव मिळायचं. पळणाऱ्याला मात्र नाव कमवावं लागायचं. मोकळ्या रानात त्यानं सशाला तीनदा वळवलं की अण्णा त्याच्यापाशी गुडघ्यावर बसायचे, आधी त्याच्या कानात नाव सांगायचे आणि मग आम्हाला. तोवर ते नुसतं कुत्रं. काही कुत्री आमच्याकडे अशी बिननावाचीच म्हातारी झाली आणि गेली. लहानपणी मला हा शुद्ध अन्याय वाटायचा आणि मी तसं तोंडावर बोलूनही दाखवायचे. अण्णा म्हणायचे, "तुला नाव फुकट भेटलं, म्हणून तू अशी झाली."

आमचं घर नाशिकला मखमलाबादच्या अंगाला. मळ्यात झेंडू, शेवंती, मेथी, पालक. तिथं कुत्रं पळवायला जागा कुठली? पळायची जागा होती मामाच्या गावाला, येवल्याच्या पुढं, जिथं कांदा निघाला की नजर पोचेल तिथपर्यंत रान उघडं पडतं आणि मध्ये आडवं यायला एखादी बाभूळ असली तर असते. अण्णा लग्न झाल्यावर पहिल्यांदा सासुरवाडीला गेले ते तिथल्या माणसांपेक्षा तिथल्या कारवानी कुत्र्यांच्या प्रेमात पडून परत आले, असं आई अजून सांगते. उंच पायाची, लांब तोंडाची, पोट पाठीला लागलेली ती कुत्री. बघणाऱ्याला वाटावं यांना घरात खायला घालत नाहीत. आईला पहिल्या वर्षी शेजारणींनी तसं विचारलंही होतं.

दादाला, माझ्या थोरल्या भावाला, कुत्र्यांची भीती. म्हणून पट्टा धरायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा आठ-नऊ वर्षांची असेन. अण्णा एखाद्या उंच बांधावर उभे राहायचे, मामा रानातून काठी आपटत यायचा आणि मी अण्णांच्या पुढं पन्नास-साठ पावलांवर, कुत्र्याच्या गळपट्ट्याच्या कडीतून ओवलेली सुती दोरी दोन्ही टोकांनी धरून बसलेली. ससा उठला की सगळे गप्प. ओरडायचं नाही, कुत्रं बिथरतं. अण्णांचा हात वर गेला की धरून ठेवायचं. ससा पुरेसा पुढं गेला, त्याला सुटायची नीट संधी मिळाली की हात खाली. हात खाली आला की मी दोरीचं एक टोक सोडायचं. बस, एवढंच माझं काम. पण त्या हाताकडे बघताना मी श्वाससुद्धा घ्यायचे नाही. शाळेत बाईंकडे मी असं कधी बघितलं नसेल.

ससा मारणं गुन्हा आहे हे अण्णांना माहीत होतं. त्यांनी त्यावर आपल्यापुरती तोड काढली होती, कुत्र्याच्या तोंडाला सुतळीचं सैल मुसकं. जीभ बाहेर येईल, पण दात लागणार नाहीत. ते म्हणायचे, आपल्याला मटण थोडंच खायचंय, आपल्याला पळणं बघायचंय. नुसता ससा पळवणंही कायद्याला चालत नाही हे मला आज माहीत आहे आणि सशाचं त्यात काय होत असेल हेही मी आज समजू शकते. मी कुणाची बाजू घेत नाही. जे होतं ते सांगते आहे.

दुसरा नियम जिभेचा होता. वेग बघायला सगळे धावत येतात, दम बघायला कुणी थांबत नाही, अशी अण्णांची कायमची तक्रार असायची. धाव संपली की बाकीचे ससा कुठं गेला ते बघायचे, अण्णा कुत्र्याकडे चालू लागायचे. त्याच्या कानाचं पान दोन बोटांत धरायचे, किती तापलंय ते बघायचे. मग जीभ. तापलेल्या कुत्र्याची जीभ लांब लोंबते आणि टोकाला उलथण्यासारखी पसरते. ती आखडून परत दातांच्या आत जाईपर्यंत पाणी द्यायचं तेही घोट घोट, पाय आणि पोट ओलं करायचं, सावलीत हळूहळू चालवायचं आणि काही झालं तरी पुन्हा सोडायचं नाही. मग समोरून ससा नाचत गेला तरी नाही. एकदा मामानं घाई केली तर अण्णा सगळ्यांदेखत त्याच्यावर खेकसले होते, "त्याला कळत नाय थांबायचं. म्हणून तर आपण हायेत."

हे सगळं मला पाठ होतं. हे सांगायला हवं, कारण पुढं जे झालं ते अडाणीपणानं झालं नाही.

दोन वर्षांपूर्वी मळ्यात झेंडू तोडता तोडता अण्णा वाफ्यातच आडवे झाले. उजवी बाजू गेली. वाचा गेली. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. लोकांच्या रक्ता-लघवीचे रिपोर्ट तयार करण्यात माझं अर्धं आयुष्य गेलंय, त्यामुळे डॉक्टर काय बोलतात आणि काय बोलायचं टाळतात हे मला कळतं. अण्णांना सगळं समजत होतं, सगळं ऐकू येत होतं, बोलता मात्र एक अक्षर येत नव्हतं. उरला होता डावा हात. काही हवं असलं की ते तो हात वर करायचे आणि घरातलं जे कुणी दिसेल ते धावायचं. हात फार वेळ वर राहायचा नाही. थरथरायचा आणि आपण पोचायच्या आत धपकन मांडीवर पडायचा. आई त्यामुळे त्यांच्या दिशेला तोंड करूनच भाजी निवडायला बसायची.

बोलणं शिकवायला एक मुलगी आठवड्यातून दोनदा यायची. गुणी पोरगी. चित्रं दाखवायची, गाणी म्हणायची, अण्णा तिच्याकडे शून्य नजरेनं बघायचे. ती एकदा जाताना मला दाराशी म्हणाली, "ताई, यांच्या जिवाला भिडेल असं काहीतरी समोर आणा. कधीकधी अडकलेला शब्द असा एकदम सुटतो. आणि एक सुटला की मागून बाकीचे येतात." तिनं हे मला धीर द्यायला सांगितलं असेल. मी ते गाठीला बांधून घेतलं.

दादा पुण्याला असतो. त्याच्या ओळखीच्या कुणीतरी हौसेनं व्हिपेट जातीची कुत्री घेतली होती आणि आता त्यांना ती जड झाली होती. ज्या दादानं जन्मात कुत्र्याला हात लावला नाही, तो तिला गाडीच्या मागच्या सीटवर बसवून नाशिकला घेऊन आला. घामानं डबडबला होता. राखाडी रंगाची, गुडघ्याच्या वर जेमतेम येणारी, चार काड्यांवर पातळ कातडं ताणल्यासारखी. आईनं बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई, हिचं काय राहिलंय?"

मला हसू आलं होतं. पण अण्णांच्या चेहऱ्याकडे बघून मी ते आवरलं. दादानं कुत्रीला त्यांच्या खुर्चीपाशी उभं केलं. अण्णांनी डावा हात तिच्या छातीखाली घातला, बरगड्या चाचपल्या, मग मांडी दाबून बघितली, मग कमरेचा तो कमानीसारखा वर गेलेला भाग. भाजीवाल्याकडे आई भोपळा बघते तसं. मग माझ्याकडे बघितलं. लकवा झाल्यापासून त्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच काहीतरी मत बघितलं. नेमकं काय ते मला कळलंही. वेग आहे, दम नाही.

आणि ते खरं होतं. ही जात इंग्लंडातल्या खाणीत काम करणाऱ्या गरीब माणसांनी जोपासली, असं मी नंतर वाचलं. ससे धरायला आणि सुट्टीच्या दिवशी शर्यती लावायला. थोड्या अंतरात तिच्या वजनाच्या दुसऱ्या कुठल्या कुत्र्यानं तिला गाठणं कठीण. मळ्यातल्या वाटेवर मी तिला सोडायचे तेव्हा ती झेंडूच्या वाफ्यांना चक्कर मारून परत यायची, आणि मध्ये मला ती फक्त दोन ठिकाणी दिसायची. चारही पाय पोटाखाली एकत्र, मग चारही पाय हवेत. आवाज नाही. पण दोन चकरा झाल्या की ती सरळ येऊन अण्णांच्या खुर्चीखाली आडवी. कारवानी कुत्रं एका सशामागं तीन शेतं पळेल, दम खाईल आणि पुन्हा उठेल. हिचा सगळा जीव पहिल्या मिनिटात खर्च व्हायचा.

घरात ती फार शहाणी होती. भुंकायची नाही, दारात कुणी आलं तर पाठ फिरवून झोपायची. त्या हिवाळ्यात थंडी कडक पडली. अंगावर ना केस ना चरबी, ती भांडं वाजल्यासारखी कुडकुडायची. आईनं माझ्या जुन्या स्वेटरची बाही कापून तिच्या अंगात घातली. तरी तिला पुरेना. मग ती अण्णांच्या गोधडीत शिरायला लागली, नेमकी उजव्या, मेलेल्या बाजूला. आईनं दोनदा हाकललं. तिसऱ्यांदा हाकलायला गेली तर अण्णांचा डावा हात वर. आईनं हात टेकले.

नाव अर्थातच नव्हतं. आई तिला 'ए बारके' म्हणायची, दादा फोनवर 'आपली व्हिपेट' म्हणायचा. मी काहीच म्हणायचे नाही. नाव ठेवणारा माणूस खुर्चीत होता आणि तो बोलत नव्हता. तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं. तिनं ससा वळवला तर अण्णांना तिचं नाव सांगावंच लागेल. आयुष्यात त्यांनी हे कधी चुकवलेलं नाही. अडकलेला शब्द सुटायचा असेल तर हाच असेल. मी आईला सांगितलं नाही, दादाला अर्धवट सांगितलं. मनात मात्र मी ते नाव ऐकलंसुद्धा होतं. म्हणजे नाव नाही, आवाज. अण्णांचा खरखरीत, थोडा नाकातला आवाज.

एप्रिलच्या सुरुवातीला मामाचा फोन आला. उन्हाळ कांदा निघालाय, रान मोकळं हाय, अण्णाला घेऊन ये. दादा एक दिवसाची रजा काढून आला. पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं. पण लकव्याच्या माणसाला तयार करणं म्हणजे काय ते ज्याच्या घरात आहे त्यालाच माहीत. आंघोळ झाली, कपडे बदलले, पुन्हा बदलावे लागले, गोळ्या, गाडीत बसवणं. मी चिडले, आईवर ओरडले, दादावर ओरडले. मामाच्या रानात पोचलो तेव्हा नऊ वाजून गेले होते आणि मातीवरून झळा उठायला लागल्या होत्या.

मामानं आधी आकाशाकडे आणि मग कुत्रीकडे बघितलं. "लय ऊन झालं बाई. आज राहा. उद्या पहाटं काढू."

"दादाला उद्या कामावर जायचंय," मी म्हणाले.

"मग जाऊ दे त्याला. आपण हायेत ना."

"मामा, एकच धाव. एक झाली की बस."

 मी हट्टाला पेटले की घरात कुणी वाद घालत नाही, ही सवय त्यांना मीच लावलेली आहे. दादानं आणि मामानं अण्णांना प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचलून बांधावर ठेवलं, त्यांच्या जुन्या जागेवर. मी पुढं जाऊन दोरी ओवून बसले, तीस-पस्तीस वर्षांनी. गुडघे दुखले.

ससा लवकरच उठला. कांद्याच्या वाळलेल्या पातीच्या ढिगाखालून निघाला आणि सुटला. मी मागं वळून बघितलं. अण्णांचा डावा हात वर होता. थरथरत होता, पण वर होता. मग खाली आला. मी टोक सोडलं.

ती धाव मी कितीही वर्षं जगले तरी विसरणार नाही. आमच्या कुठल्याच कारवानीला मी असं पळताना बघितलं नव्हतं. ससा शंभर पावलं पुढं होता, ते अंतर तिनं बघता बघता खाऊन टाकलं. ससा डावीकडे वळला, ती त्याच्याबरोबर वळली, माती उडाली. पुन्हा उजवीकडे. पुन्हा. तीनदा. मग ससा बांधावरच्या निवडुंगात घुसला आणि संपलं. आणि त्या शांततेत मला मागून एक आवाज आला. अण्णा हसत होते. वाकड्या तोंडानं, लाळ गळत होती, पण हसत होते. मोठ्यानं. वर्षभरात आम्ही तो आवाज ऐकला नव्हता. दादा तोंड फिरवून उभा राहिला.

मी कुत्रीला घेऊन बांधावर आले. अण्णांनी तिचा कान दोन बोटांत धरला. तिला जवळ ओढलं, स्वतः जमेल तेवढे वाकले. ओठ मिटले, पुन्हा उघडले. "म्," ते म्हणाले. खरंच म्हणाले. आम्ही तिघंही ऐकत होतो. "म्... म्..." कपाळावरची शीर फुगली. डोळे माझ्यावर. आणि ते पुढं गेलंच नाही. त्यांनी हात सोडवून मांडीवर आपटला, दोनदा.

मामा म्हणाला, "सावकाश अण्णा, सावकाश. यील."

येत होतं. मला दिसत होतं, अगदी दारापर्यंत आलं होतं. अजून एक धक्का हवा होता, एवढंच. मी कुत्रीला बाभळीच्या सावलीला नेते असं म्हणून उठले. मामा पाण्याची कळशी आणायला विहिरीकडे निघाला. कुत्रीची जीभ बाहेर होती. टोकाला पसरलेली, उलथण्यासारखी. कडा जांभळ्या. मी ती बघितली. हे मी लिहून ठेवते आहे कारण नंतर मी बरंच काही बोलले आहे. मी ती जीभ बघितली, आणि सावलीकडे जाता जाता माझ्या हातांनी तिच्या कडीतून दोरी पुन्हा ओवली.

मामा पातीच्या कडेनं चालला होता, त्याच्या पायातूनच दुसरा ससा उठला.

मी अण्णांकडे बघितलं. त्यांचा हात वर गेला. पहिल्या वेळेपेक्षा उंच, कोपर सरळ, बोटं ताणलेली. डोळे मोठे झाले होते. आता विचार करते तेव्हा मला तो चेहरा अगदी स्पष्ट दिसतो. मामावर खेकसताना होता तोच. हात थरथरत होता. तो फार वेळ वर राहत नाही हे त्या रानात माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? मी रोज बघत होते. रोज पाण्याचा पेला घेऊन धावत होते.

हात खाली आला. मी सोडलं.

ती गेली. कुत्र्याला कळत नाही थांबायचं, आणि डोळ्यानं शिकार करणाऱ्या या जातीला तर मुळीच नाही. समोर हलणारी वस्तू दिसते तोवर ती पळणार. या सशानं वळणं घेतली नाहीत. तो सरळ पळत सुटला. पहिलं शेत, दुसरं शेत, मग तिसऱ्याच्या बांधावर मला ती दिसली, लहान, राखाडी, आणि आधीसारखी हवेत नव्हती. पाय जमिनीला लागून घासत होते. ससा दिसेनासा झाला तरी ती पळत होती. मी हाका मारल्या. काय नावानं मारणार? नुसतं "ए, ए" करत मी पळाले.

ती चालत परत येत होती. मागचा भाग एका बाजूला कलंडत होता, दारू प्यायलेल्या माणसासारखा. माझ्यापासून दहा पावलांवर आली आणि बसली, मग आडवी झाली. अंग विस्तवासारखं. मामानं कळशी पायांवर, पोटावर ओतली. दादा, कुत्र्यांना भिणारा दादा, तिला उराशी धरून गाडीपर्यंत धावला. कांद्याच्या गोणी भिजवून त्यात तिला गुंडाळलं. तालुक्याच्या गावी जनावरांच्या डॉक्टरांनी सलाइन लावलं, बर्फ लावला, ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, वाचेल असं वाटतंय. आम्ही संध्याकाळी तिला नाशिकला आणलं. गाडीत ती अण्णांच्या पायांशी होती. त्यांनी सबंध रस्ताभर डोळे उघडले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं अंगणात लघवी केली. फरशीवर कोऱ्या चहाच्या रंगाचं थारोळं. आईला वाटलं रक्त. ते रक्त नव्हतं. फार पळून स्नायू आतल्या आत फुटले की त्यांचा रंग लघवीत उतरतो आणि मूत्रपिंडं बंद पडत जातात. मी असे नमुने बाटलीत पाहिले आहेत. अंगणात बघायची ती पहिलीच वेळ.  डॉक्टर झाले, सलाइन झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी अण्णांच्या खुर्चीखालीच तिनं जीव सोडला. आम्ही तिला झेंडूच्या वाफ्याच्या टोकाला पुरलं.

दादा रजा वाढवून थांबला होता. हात-पाय धुऊन तो ओसरीवर आला, आई दाराशी बसली होती, मामाही आला होता. दादाला राग यायला वेळ लागतो. तो म्हणाला, "मला कुत्र्यांतलं काही कळत नाही. पण मामा म्हणतो तिची जीभ बाहेर होती. तुला लहानपणापासून माहितीये. मग सोडलंस कशी तू?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी तीन दिवस झोपले नव्हते. मी काय उत्तर द्यायचं ते ठरवलं नव्हतं, ते तोंडातून बाहेर पडलं.

"अण्णांचा हात खाली आला. मी काय करणार?"

अण्णा तिथंच, माझ्यापासून दोन हातांवर खुर्चीत बसले होते.

 मग दादा हळूच म्हणाला, "जाऊ दे. त्यांना आता काय समजतं." तो मला सांभाळून घ्यायला म्हणाला हे मला कळत होतं. आणि मी त्याला म्हणू शकले असते की दादा, त्यांना सगळं समजतं, हात त्यांनी धर म्हणूनच वर केला होता, तो गळून पडला, आणि मी वाटच बघत होते तो कधी पडतो याची. एवढी चार वाक्यं. मी आत चहा टाकायला निघून गेले.

त्याला आता वर्ष होत आलं. त्या दिवसापासून अण्णांनी तो हात वर केलेला नाही. पहिल्या आठवड्यात आईला वाटलं अशक्तपणा असेल. डॉक्टरांनी तपासलं, व्यायाम घेणाऱ्या माणसानं तपासलं. हातात काही दोष नाही, उलट जोर वाढलाय म्हणाले. घास ते स्वतः तोंडात घालतात. पण काही हवं असेल तर बोलवत नाहीत. हात खुर्चीच्या दांडीवर असतो, बोटं दांडीभोवती आवळलेली, आणि कुणाचं तरी लक्ष जाईपर्यंत ते तसेच बसतात. तो 'म्' पुन्हा आला नाही. बोलणं शिकवणाऱ्या मुलीनं दोन महिने वाट बघितली आणि मग येणं थांबवलं.

मी नंतर अण्णांना सांगितलं. दादासमोर, आईसमोर, फोनवर मामाला. माझी चूक होती, जीभ मी बघितली होती, तुमचा हात का वर गेला ते मला कळलं होतं. बाकीच्यांनी मान डोलावली आणि विषय बदलला. अण्णांना मी एकटी असतानाही सांगितलं, कितीदा ते आठवत नाही. ते ऐकतात. माझ्याकडे बघतातही. राग दिसत नाही त्या डोळ्यांत, आणि दिसला असता तर बरं झालं असतं.

परवा मी लॅबमधून दुपारी लवकर आले. आई मळ्यात होती. अण्णा अंगणात, सकाळी सावलीत ठेवलेली खुर्ची आता भर उन्हात आलेली. ओठांना पापुद्रे सुटले होते. पाण्याचा तांब्या तीन हातांवर, ओट्यावर. आई हाकेच्या अंतरावर, याच बाजूला तोंड करून मेथी खुडत होती. हात नुसता वर केला असता तरी पुरे होतं.

मी पाणी पाजलं, खुर्ची सावलीत ओढली. मग मला राहवलं नाही. मी त्यांच्यापुढं गुडघ्यावर बसले, ती आवळलेली बोटं एकेक करून दांडीवरून सोडवली आणि तो हात माझ्या दोन्ही हातांत धरून वर उचलला, जेवढा उंच जाईल तेवढा. "असा करायचा," मी म्हणाले. "असा. मी येईन. अण्णा, मी धरून ठेवीन, सोडणार नाही."

त्यांनी हात खाली ओढून घेतला आणि परत दांडी पकडली. हाताला चांगला जोर होता.